कपड्यांची दानपेटी ठेवण्याआधी: इंदूरमधले नियम, परवानग्या आणि पेटी नेमकी कुठे बिघडते

इंदूरच्या कोपऱ्याकोपऱ्यांवरच्या कचरापेट्या नगर निगमाने (महापालिकेने) उचलल्या, घरोघरी गाडी सुरू केली, आणि २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिलं आलं. त्या बदलामागचा हिशेब साधा होता: कोपऱ्यावर पेटी असली की तिच्याभोवती ढीग होतोच. म्हणून आज एखादं मंडळ सुदामा नगरात किंवा लोकमान्य नगरात ‘जुने कपडे इथे टाका’ अशी पेटी ठेवायची म्हणतं, तेव्हा झोन कार्यालयातला माणूस पटकन हो म्हणत नाही. त्याला त्यात दान दिसत नाही, उचललेली कचरापेटी परत येताना दिसते. आणि तो अगदीच चुकतो असंही नाही.

कपड्यांच्या दानपेट्यांसाठी म्हणून वेगळा कायदा मध्य प्रदेशात नाही. त्यामुळे ‘परवानगी लागतच नाही’ आणि ‘परवानगी मिळतच नाही’ अशी दोन्ही टोकांची मतं ऐकायला मिळतात. प्रत्यक्षात पेटी एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या नियमांखाली येते. जागा कोणाची, वाट अडते का, पेटीवर काय लिहिलंय, गोळा करणारी संस्था कोण, आणि बाहेर सांडलेले कपडे उचलणार कोण. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड. जगात जिथे दानपेट्यांचे नियम झाले, तिथे बऱ्याचदा ते याच प्रश्नाने त्रासून झाले.

जागा कोणाची

सार्वजनिक रस्ता आणि फुटपाथ मनातून काढूनच टाका. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ नुसार शहरातले सार्वजनिक रस्ते निगमाच्या ताब्यात असतात, आणि त्यावर विनापरवानगी ठेवलेली वस्तू हटवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. पेटी परोपकारासाठी आहे म्हणून अतिक्रमण ठरत नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. रिमूव्हल गँगची, म्हणजे निगमाच्या अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाची, गाडी आली की टपरी, पाटी आणि दानपेटी एकाच ट्रकमध्ये चढतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना बजावलं आहे की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ अशा जागांवर पुतळे किंवा इतर बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये. पथदिवे, वाहतूक अशा सार्वजनिक सोयींना तेवढी सूट. त्यामुळे एखादा अधिकारी तोंडी हो म्हणाला तरी त्याच्या हाताखाली कागदाचा आधार नसतो.

फुटपाथचं मापही लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. आपल्याकडचे बहुतेक फुटपाथ मुळातच तेवढे नसतात. त्यात पाऊण मीटर खोलीची पेटी बसवली की व्हीलचेअर रस्त्यावर उतरते.

वाट अडवणाऱ्या किंवा उपद्रव करणाऱ्या वस्तूबद्दल एसडीएमकडेही (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) तक्रार करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३. याच कलमाखाली आपल्या शेजारच्या रतलामचा खटला गाजला होता. उघड्या गटारांना कंटाळलेल्या रहिवाशांच्या बाजूने १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब ऐकून घेतली नाही. दानपेटीच्या बाबतीत प्रकरण इतकं ताणलं जाणं कठीण, पण कलम तेच.

कॉलनीची बाग सार्वजनिक वाटली तरी तिथे आधी मालक शोधावा लागतो. काही बागा निगमाच्या, काही इंदूर विकास प्राधिकरणाच्या, आणि ज्या कॉलन्या अजून निगमाकडे हस्तांतरित झालेल्या नाहीत तिथे कॉलनायझर (कॉलनी वसवणारा विकासक) किंवा रहिवासी संघ यांच्या ताब्यातल्या. ‘आमची कॉलनी हस्तांतरित झाली आहे का’ हा प्रश्न झोन कार्यालयात पहिल्याच फेरीत विचारून घ्या. अर्ज चुकीच्या दारात दिला तर महिनाभराने ‘हे आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर येतं.

खासगी जागेत काम बरंच सोपं आहे आणि आमच्या मते इंदूरमध्ये पेटी ठेवायची ती खासगी आवारातच. अपार्टमेंट असेल तर मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० प्रमाणे सामायिक जागा सगळ्या फ्लॅटधारकांची असते. म्हणून फक्त अध्यक्षांची सही पुरत नाही, सभेचा ठराव हवा. देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात विश्वस्तांचा किंवा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. इमारतीभोवतीची मोकळी जागा, ज्याला इथे सगळे एमओएस म्हणतात, तिच्यात पाया घेऊन काही बांधलं की भूमी विकास नियमांचा प्रश्न येतो. उचलून नेता येईल अशी, जमिनीत न रोवलेली पेटी सहसा बांधकामात मोजत नाहीत. मात्र ती अग्निशमन गाडीच्या वाटेत नको आणि जिन्याखाली विजेच्या मीटरशेजारी तर मुळीच नको. सुक्या कपड्यांचा ढीग आणि मीटरमधली ठिणगी एकत्र आली की काय होईल ते सांगायला नको.

गोळा करणारी संस्था कोण

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना विचारलंत तर ते ‘धर्मादाय आयुक्तांकडे जा’ म्हणतील. तिकडे धर्मादायासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर त्या कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळांना ते चांगलं माहीत असतं. मध्य प्रदेशात धर्मादाय आयुक्त नाही. मध्य प्रदेश लोक न्यास अधिनियम, १९५१ प्रमाणे सार्वजनिक न्यासाचा रजिस्ट्रार म्हणजे कलेक्टर. व्यवहारात ही प्रकरणं एसडीएम कार्यालयात चालतात. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्था १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारकडे असतात. तिसरा प्रकार कंपनी कायद्यातल्या ना-नफा कंपनीचा. पेटी तुमच्या आवारात ठेवू देण्याआधी संस्था या तिघांपैकी कशात बसते ते विचारा आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा. कशातच बसत नसेल तर ती संस्था नाही, चार माणसांचा ग्रुप आहे. ग्रुपने चांगलं काम करू नये असं नाही, पण उद्या फोन उचलणारं कोणी नसलं तर जबाबदारी आवाराच्या मालकावर येते.

करसवलतीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कपडे, भांडी, धान्य दिल्याबद्दल ८०जीची, म्हणजे देणगीबद्दलची आयकरातली, वजावट मिळत नाही. ती फक्त पैशाच्या देणगीला आहे, आणि त्यातही रोख दिलेली रक्कम २,००० रुपयांच्या वर असेल तर नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच घेता येत नाही. ‘कपडे द्या, ८०जी पावती घ्या’ असं पेटीवर लिहिलेलं दिसलं तर त्या संस्थेच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा निरखून बघा.

गोळा झालेले कपडे विकणं बेकायदा नाही, आणि पुष्कळदा त्याशिवाय गत्यंतर नसतं. कोट-पँट, भरजरी शेरवानी, लग्नातला लेहंगा खेड्यात वाटून कोणाच्या कामी येणार? ते विकून वाहतुकीचा खर्च काढला तर बिघडलं काय? पण विकतो हे सांगायला हवं. ‘गरिबांना वाटले जाईल’ असं लिहून माल ठोक व्यापाऱ्याला द्यायचा, ही फसवणूक.

बाहेरच्या देशांत काय झालं

अमेरिकेत हा विषय न्यायालयापर्यंत गेला. मिशिगन राज्यातल्या सेंट जॉन्स नावाच्या छोट्या शहराने अशा पेट्यांवर सरसकट बंदी घातली. २०१५ साली सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्या बंदीला मिळालेली स्थगिती कायम ठेवली. पेटी उभी राहून दान मागते, म्हणजे ती एक प्रकारे बोलतेच, आणि त्या देशात बोलण्याला घटनेचं संरक्षण आहे, असा तो युक्तिवाद. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने बंदी न घालता परवाना पद्धत आणली. तिला आव्हान दिलं गेलं, पण २०१७ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती रोखायला नकार दिला. म्हणजे तिथे शहरांना बंदी घालणं अवघड, पण नियम लावणं शक्य. आपल्याकडे हा युक्तिवाद कोणी गंभीरपणे केलेला दिसत नाही आणि इथल्या रस्त्यांच्या कायद्यापुढे तो टिकेल असंही वाटत नाही. तरी कॅलिफोर्नियाचा एक नियम जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे. पेटीच्या दर्शनी भागावर चालवणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन हवा, आणि ही पेटी नफ्यासाठी चालते की ना-नफा संस्थेची आहे ते किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहायला हवं.

कॅनडातली गोष्ट वाईट आहे. तिथल्या पेट्यांना चोरी टाळण्यासाठी आत वळणारी, एकाच दिशेने उघडणारी झडप असायची. थंडीत कपडे काढायला किंवा आसरा घ्यायला आत शिरू पाहणारी माणसं त्या झडपेत अडकली आणि मेली. २०१५ पासून अशा सात-आठ मृत्यूंची नोंद झाली. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस वेस्ट व्हँकुव्हरमध्ये आणि लगेच जानेवारीत टोरांटोत असे मृत्यू झाल्यावर अनेक गावांनी पेट्या बंद केल्या किंवा हटवल्या, आणि पेट्या बनवणाऱ्या एका कारखान्याने उत्पादन थांबवलं. पेटीची रचना ठरवताना हे डोक्यात असू द्या.

पेटी कशी असावी

लोहाराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेताना ही मापं चालतात: ७५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, १५० सेंटिमीटर उंच. १८ गेजचा पत्रा आणि आतून अँगलची चौकट. रिकामी पेटीच ६०-७० किलोची होते, त्यामुळे ढकलली तरी सहज पडत नाही. तरीही मागच्या भिंतीला दोन बोल्टने बांधावी. पाय १० सेंटिमीटरचे. पावसाचं पाणी आवारात साचतं आणि तळाचे कपडे आधी जातात.

तोंड जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर, रुंदी ३५ आणि उंची १५ ते १८ सेंटिमीटर. आत उतरती पक्की घसरण, हलणारी झडप अजिबात नको. चोरी होईल म्हणून फॅब्रिकेशनवाला स्प्रिंगची झडप सुचवेल; त्याला नाही म्हणा. कोणी हात घालून दोन साड्या नेल्या तर नेऊ देत, हात अडकता कामा नये. तोंड लहान ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे गाद्या, उशा आणि भलं मोठं गाठोडं आत जातच नाही, माणूस आपोआप लहान पिशव्या करून आणतो. पेटीशेजारी ओटा, बाक किंवा चढता येईल अशी भिंत नको, कारण लहान मूल त्यावरून डोकं आत घालतं.

वर उतारी छप्पर पुढे १५ सेंटिमीटर काढलेलं. वरच्या बाजूला जाळी लावलेली चार भोकं, नाहीतर उन्हाळ्यात आत कोंदट वास भरतो. दार खालच्या अर्ध्या भागात, कुलूप बाहेरून. किल्ल्या दोन: एक संस्थेकडे, एक वॉचमनकडे. आत कोणी अडकलं, धूर दिसला, मांजरीने पिल्लं घातली, तर संस्थेचा माणूस येईपर्यंत थांबायचं कशाला?

यात कपडे किती मावतात याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. तोंडाच्या खाली वापरता येणारी जागा साधारण अर्धा घनमीटर. पिशव्यांत भरलेले कपडे दाबून बसत नाहीत, एका घनमीटरला शंभर किलोच्या आसपास धरा. म्हणजे एका पेटीत ५०-६० किलो, अडीच किलोच्या वीस-बावीस पिशव्या. आता साठ फ्लॅटची इमारत घ्या. दिवाळीच्या साफसफाईत निम्म्या घरांनी प्रत्येकी दोनच पिशव्या दिल्या तरी साठ पिशव्या होतात, म्हणजे जवळपास तीन पेट्या भरतात. एरवी महिनाभर न भरणारी पेटी त्या आठवड्यात दोन दिवसांत तुडुंब होते. तिसऱ्या दिवशी आलेला माणूस पिशवी परत घरी नेत नाही, पेटीला टेकवून ठेवतो. चौथ्या दिवशी कुत्री पिशवी फाडतात, आणि पाचव्या दिवशी तिथे कोणीतरी नारळाची करवंटी टाकतं. तिथून पुढे ती कचऱ्याची जागा झाली, आणि निगमाचा दरोगा (स्वच्छता निरीक्षक) दंडाची पावती आवाराच्या मालकाच्या नावाने फाडतो.

म्हणून रिकामी करण्याचं वेळापत्रक महिन्याचं नको, भरण्याप्रमाणे हवं. वॉचमनने रोज एकदा तोंडातून बघायचं. तीन-चतुर्थांश भरली की त्याच दिवशी फोन, ४८ तासांत गाडी. धनत्रयोदशीच्या आधीचे दहा दिवस मात्र एक दिवसाआड फेरी ठरवूनच ठेवायची. संस्था हे लिहून द्यायला तयार नसेल तर पेटी घेऊ नका, मग संस्था कितीही नावाजलेली असो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मोसमी पाऊस इथे जूनच्या मध्याला येतो आणि सप्टेंबरअखेर रेंगाळतो. एक ओली पिशवी आत पडली की दमटपणा बाकीच्यांत उतरतो, एक-दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो, आणि तो वास धुऊनही पूर्ण जात नाही. पक्क्या छपराखाली नसलेली पेटी या साडेतीन महिन्यांत सरळ बंद ठेवावी, तोंडावर पत्रा ठोकून आणि ‘१ ऑक्टोबरला सुरू’ असं लिहून. अर्धवट बंद ठेवलेल्या पेटीपाशी लोक पिशव्या ठेवतच राहतात.

आत काय पडतं आणि पुढे कुठे जातं

पूर्वी दुपारच्या वेळी बोहारीण यायची. ती प्रत्येक कपडा उलटसुलट करून बघायची, उसवलेला, विटलेला बाजूला टाकायची, आणि मग पातेल्याचा सौदा व्हायचा. निवड दारातच होऊन जायची. पेटीत ती निवड करणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे ते सगळं काम पुढे संस्थेच्या गोदामात जाऊन पडतं.

गोदामात साधारण चार ढीग होतात. पहिला घालण्याजोगा. दुसरा बटण, चेन, फॉल अशी किरकोळ दुरुस्ती मागणारा. तिसरा नुसतं कापड म्हणून वापरायचा: सुती असेल तर गोधड्या, पिशव्या, पुसणी. सांवेर रोडच्या कारखान्यांत, गॅरेजांत पुसायला सुती चिंध्या लागतात; सिंथेटिक साडी तेल शोषत नाही, ती कोणी घेत नाही. लोकर वेगळी काढली तर तिला पानिपतची वाट असते, तिथे जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत आणि ब्लँकेटं होतात. चौथा ढीग कशाच्याही कामाचा नसतो. तो सुक्या कचऱ्यात जातो आणि शेवटी बहुधा सिमेंटच्या भट्टीचं इंधन बनतो. या चौथ्या ढिगाची वाहतूक, मजुरी संस्थेच्या खिशातून जाते. तुम्ही टाकलेली फाटकी बनियन कोणालातरी उचलण्याचा खर्च लावते, एवढं कळलं तरी पुष्कळ.

तेव्हा अंतर्वस्त्रं, एकेरी मोजे, डाग पडलेल्या चादरी, गाद्या-उशा पेटीत नकोत. त्या गाडीच्या सुक्या डब्यात. शाळेचे गणवेश, स्वेटर, परकर-साड्या, लहान मुलांचे कपडे यांना नेहमी मागणी असते. ब्लाउज साडीला पिनेने जोडा, पण पिन बंद करून. उघड्या सेफ्टी पिनांनी निवडणाऱ्यांच्या हाताला जखमा होतात. खिसे उलटे करून बघा. नोटा निघतातच, पण आधारची झेरॉक्स, बँकेच्या स्लिपा, औषधाच्या चिठ्ठ्याही निघतात, आणि त्या अनोळखी हातात जाणं बरं नव्हे.

तेराव्यानंतर गेलेल्या माणसाचे कपडे द्यायचे असतात ते पेटीत टाकू नयेत, असं आमचं मत. नियम म्हणून नाही. पण आठ दिवसांनी तीच शाल भिंतीखाली चिखलात दिसली तर घरच्यांना सोसत नाही. ते थेट वृद्धाश्रमात किंवा संस्थेच्या हातात द्यावेत.

खुंट्यांच्या भिंती, म्हणजे ‘नेकी की दीवार’, हा पेटीचाच उघडा प्रकार. २०१५ च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहदची अशी भिंत समाजमाध्यमांवर गाजली आणि आपल्याकडेही शहराशहरांत भिंती रंगवल्या गेल्या. घेणाऱ्याला स्वतः निवडता येतं, ही तिची मोठी जमेची बाजू. पण छप्पर नाही, माणूस नाही, मग पहिल्या पावसात तिची अवस्था बघवत नाही. सार्वजनिक भिंतीवर विनापरवानगी रंगवणं हे १९९४ च्या संपत्ती विरूपण निवारण कायद्यातही बसू शकतं, तेही लक्षात असावं.

अर्जात काय लिहायचं

जागा निगमाची असेल तर अर्ज झोन कार्यालयात, प्रत आयुक्तांना. भाषा हिंदी ठेवा, काम लवकर सरकतं. अर्जात हवं ते असं: संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन, जागेचे दोन फोटो आणि हाताने काढलेला, मापं घातलेला नकाशा, त्यात पेटीनंतर उरणारी वाट किती ते दाखवलेलं, पेटीची मापं, रिकामी करण्याचं वेळापत्रक, जबाबदार माणसाचं नाव, फोन, कपडे कुठे जाणार, आणि ‘निगमाने सांगितल्यापासून सात दिवसांत स्वखर्चाने पेटी हटवू’ असं लेखी वचन. शेवटची ओळ सगळ्यांत उपयोगी पडते, कारण अधिकाऱ्याची भीती हीच असते की एकदा ठेवलेली वस्तू परत उठत नाही. आवक क्रमांकाशिवाय दारातून बाहेर पडू नका. तोंडी होकारावर पेटी ठेवू नका. अधिकारी बदलतात आणि नव्याला जुन्याचं बोलणं लागू नसतं.

पेटीवर एखाद्या दुकानाची किंवा बिल्डरची जाहिरात लावून खर्च काढायचा मोह होतो. जाहिरात आली की राज्याचे २०१७ चे आउटडोअर जाहिरातींचे नियम आडवे येतात आणि साध्या ना-हरकतीचं प्रकरण शुल्काचं होतं. आतल्या बाजूला प्रायोजकाचं नाव छोट्या अक्षरांत चालून जातं, दर्शनी भागावर मोठा फलक नाही.

दर्शनी पाटीवर हिंदीत आणि मराठीत एवढं पुरे: संस्थेचं नाव व नोंदणी क्रमांक, पत्ता, फोन, ‘धुतलेले, वापरण्याजोगे कपडे पिशवीत बांधून टाका’, ‘पेटी भरली असल्यास बाहेर ठेवू नका, फोन करा’, कपड्यांचं पुढे काय होतं ते एका वाक्यात, आणि मागच्या वेळी पेटी कधी रिकामी केली ती तारीख, खडूने. तारखेची जागा बहुतेक जण गाळतात. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख दिसली की रहिवासीच फोन करतात, तुम्हाला वेगळी देखरेख ठेवावी लागत नाही.

आवाराचा मालक आणि संस्था यांच्यात एक पानी करार पुरतो. मुदत ११ महिने, जागेचं भाडं नाही, जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही, भरलेली पेटी ४८ तासांत उचलली नाही तर मालक स्वतः रिकामी करून खर्च वसूल करेल. पेटी कोणाच्या मालकीची तेही लिहा. नाहीतर संस्था बंद पडते आणि सत्तर किलोचा पत्रा तुमच्या गळ्यात राहतो.

पेटी नको वाटली तर

खरं सांगायचं तर चाळीस-पन्नास घरांच्या वस्तीला कायमची पेटी लागतच नाही. वर्षातून तीनदा दोन-दोन दिवसांचं संकलन ठेवा: दिवाळीआधी, थंडी सुरू होताना स्वेटरांसाठी, आणि एप्रिलमध्ये गणवेश-पुस्तकांसाठी. देवळाच्या सभागृहात एक टेबल, दोन माणसं, वजनकाटा. समोर माणूस असला की फाटकं कोणी आणत नाही, निवड तिथेच होते, आणि संध्याकाळी गाडी भरून जागा मोकळी. परवानगीचा प्रश्नही जवळपास उरत नाही, कारण रस्त्यावर काहीच राहत नाही.

निगमाची आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रंही आहेत. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहराशहरांत ही सुरू झाली. कपडे, पुस्तकं, खेळणी, चपला तिथे देता येतात. जागा निगमाची, देखरेख निगमाची, त्यामुळे परवानगीची भानगड नाही. जवळचं केंद्र सध्या सुरू आहे का आणि किती वाजेपर्यंत, ते गाडीवाल्या भाऊंना किंवा झोनला विचारून मग पिशव्या उचला.

बेवारस पेटी दिसली तर

नाव-फोन नसलेली पेटी दिसली तर आधी आवाराच्या मालकाला विचारा; अर्ध्या वेळा त्यालाही माहीत नसतं ती कोणी ठेवली. मग फोटो काढून निगमाच्या इंदूर ३११ ॲपवर तक्रार टाका, फोटोत आजूबाजूची ओळखीची खूण येऊ द्या. पेटी सार्वजनिक जागेवर आहे आणि परवानगी असल्याचं कोणी सांगत असेल, तर माहिती अधिकारात ना-हरकतीची प्रत मागता येते. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ३११ वर तक्रार ‘निराकृत’ दाखवून बंद केली आणि पेटी तिथेच असेल, तर सीएम हेल्पलाइन १८१ किंवा कलेक्टर कार्यालयातली मंगळवारची जनसुनवाई, जिथे तक्रारी समोरासमोर ऐकतात. जाताना ३११ चा तक्रार क्रमांक आणि बंद झाल्यानंतरच्या तारखेचा फोटो बरोबर न्या, नाहीतर प्रकरण पुन्हा झोनकडेच येतं. स्वतः कुलूप तोडून पेटी रिकामी करायला जाऊ नका. आतला माल कोणाचा यावरून उलट तुमच्यावरच तक्रार होऊ शकते. तोंडाला दोरी आडवी बांधून ‘बंद आहे’ असा कागद लावणं तेवढं करता येतं, आणि पुढच्या पिशव्या थांबवायला ते बहुतेक वेळा पुरतं.